एकसष्ट वॉर्निंग

१

शिक्षक भरतीची यादी गायब झाल्याचं रुपरावनं मला दारातच सांगितलं. चपला काढायलाही वेळ दिला नाही.

"ताई, यादी नाही! सारं आवार साफ आहे. एक फाइल नाही उरली."

मी यमुना वझलवार, सगळे यमुताई म्हणतात. सीताबर्डीवरच्या आमच्या संगणक केंद्रात तेव्हा मी प्रोग्रामिंगची प्रमुख होते. वय पंचेचाळीस, स्वभाव तिखट. दोन्ही गोष्टी मी कधी लपवल्या नाहीत. साल १९८७, मे महिन्यातला मंगळवार. रुपराव आमचा ऑपरेटर, मशीन चालू-बंद करणं आणि टेप लावणं हे त्याचं काम. 'आवार' म्हणजे मशीनमधली सगळ्यांची सामाईक जागा. छपाई तिथूनच व्हायची, म्हणून एका जिल्ह्याच्या शिक्षक भरतीची गुणवत्ता यादी सोमवारी दुपारी तिथे ठेवली होती. ठेवली होती ती कुलूप लावून. म्हणजे ती पुसायचा हक्क दोघांनाच: एक आमचा प्रोग्रामर विश्वनाथ, कारण फाइल त्याच्या नावावर होती, आणि दुसरा सुपरयूजर, ज्याला मशीनमध्ये सगळंच करता येतं. सुपरयूजरचा पासवर्ड विश्वनाथ आणि रुपराव, दोघांनाच ठाऊक होता.

गुणपत्रकांचे कागद कपाटात होते, यादी पुन्हा टाइप करता आली असती. टेपवर सगळ्याची नक्कल आम्ही बुधवारी घ्यायचो, त्यामुळे टेपवर ती नव्हती. पण गुरुवारी जिल्ह्याचे अधिकारी येणार होते आणि त्यांचा पहिला प्रश्न असणार, ती पुसली कोणी?

उत्तर मशीननंच लिहून ठेवलं होतं. नव्या सुरक्षा व्यवस्थेत प्रत्येक पुसलेल्या फाइलची नोंद व्हायची. नोंद अशी होती: देवकी. टर्मिनल शून्य. सोमवार, पाच बावन्न. हक्क शून्य.

आमच्याकडे प्रत्येक माणसाला एक नंबर असतो आणि सुपरयूजरचा नंबर शून्य. म्हणजे देवकीनं सुपरयूजरच्या हक्कानं यादी पुसली.

देवकी वांढरे, तेवीस वर्षांची, रोज कळमेश्वरहून एसटीनं येणारी. नोकरीला आठ महिने झाले होते. आणि तिचा धाकटा भाऊ त्याच परीक्षेला बसला होता.

"आता आणखी काय पाहिजे, वझलवार बाई?" आमचे संचालक मधुसूदनराव म्हणाले. "यादी पुसायची, पुन्हा टाइप करताना भावाचे मार्क वाढवायचे. गुरुवारच्या आत राजीनामा घ्या, नाही तर मी पोलिसात देतो."

मला खरं सांगायला हवं. मलाही ते पटलं. मी तिला एक शब्द न विचारता तिचं खातं बंद केलं, आणि मगच तिला आत बोलावलं. त्याची लाज मला आजही वाटते.

२

देवकी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. ओढणीचं टोक मुठीत धरून उभी राहिली.

"टर्मिनल शून्यावर बसली होतीस?"

"हो ताई. हॉलमधला कूलर बंद पडला होता ना. टर्मिनल तापून बंद पडून राहिले होते. रुपरावभाऊंनी म्हटलं, आत येऊन बस."

हे खरं होतं. टर्मिनल शून्य हे मशीनच्या खोलीतलं, ऑपरेटरचं टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. केंद्रातला एकमेव एसी तिथे होता. एरवी तिथे रुपरावशिवाय कोणी बसत नसे.

"सुपरयूजरचा पासवर्ड कोणी दिला?"

"मले पासवर्ड माहीतच नाही."

"मग यादी कशी पुसली?"

"मी यादी नाही पुसली. जाताना झाडू मारला. रोजच मारते. सारेच मारतात."

झाडू माझा होता. तीन वर्षांपूर्वी आवार भरून वाहायला लागलं, तेव्हा मीच तो छोटा प्रोग्राम लिहिला होता. घरी जाताना प्रत्येकानं तो आपल्या साध्या नावानं चालवायचा, सुपरयूजर होऊन कधीच नाही. तो आवारातल्या एकूण एक फाइलला हात घालायचा. जी तुमची असेल ती पुसली जायची, जी दुसऱ्याची असेल तिच्यावर कुलूप 'परवानगी नाही' म्हणून हाकलायचं. कोणती फाइल कोणाची हे शोधत बसायची कटकट नको म्हणून मी ते काम कुलपावर ढकललं होतं. आळशीपणा होता, पण तीन वर्षं कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

"झाडू मारताना वेगळं काही दिसलं?"

तिनं विचार केला. "रोज 'परवानगी नाही, परवानगी नाही' अशी भली मोठी रांग येते. काल एकही नाही आली. मले वाटलं, आज कोणाचं काही पडलंच नाही."

"आणि तुला ते विचित्र नाही वाटलं?"

"पाच पंचावन झाले होते ताई. सहाची एसटी पकडायची होती."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "माझा भाऊ पास होईल का नापास, मले माहीत नाही. पण त्याच्यासाठी चोरी करन असं तुमाले वाटलं काहून?"



३

नोंदवही मी पुन्हा उघडली, या वेळी डोकं ताळ्यावर ठेवून. सकाळी आम्ही सगळ्यांनी यादीची एकच ओळ वाचली होती. तिच्यासकट चारशे बारा ओळी होत्या. एका मिनिटात चारशे बारा फाइली पुसल्या होत्या, नावांच्या क्रमानं. त्यात माझ्या होत्या, रुपरावच्या होत्या, विश्वनाथच्या तर शंभरावर होत्या. ज्याला एक यादी हवी तो सगळं अंगण कशाला लोटेल? झाडूच होता तो.

दुसरी गोष्ट अधिक टोचली. कोणी पासवर्ड देऊन सुपरयूजर झालं, तर नोंदीत नावही सुपरयूजरचंच येतं. इथे नाव देवकीचं आणि हक्क शून्य. हे दोन्ही एकत्र येऊच शकत नव्हतं. पासवर्ड चोरलाच गेला नव्हता, कुलूप आपणहून उघडलं होतं.

कुलूप विश्वनाथचं होतं. विश्वनाथ पांढरीपांडे हा आमचा सगळ्यात हुशार मुलगा. कर्नल, म्हणजे मशीनचा गाभा, त्याच्या हातात. सुरक्षेचा नवा भाग त्यानंच लिहून शनिवारी बसवला होता. त्या दिवशी त्याची राजदूत मोटरसायकल साडेदहाला फाटकात आली. तो कधी उशिरा येत नसे.

"कुलपात काही खोट नाही, यमुताई. तुम्हीच बघा ना." त्यानं मला टर्मिनल सातवर बसवलं. मी साध्या नावानं आत शिरले, त्याची फाइल पुसायला गेले. परवानगी नाही. तीनवरून केलं, पाचवरून केलं. परवानगी नाही.

"पोरीनं पासवर्ड चोरला," तो हळू आवाजात म्हणाला. "वाईट वाटतं, पण काय करणार."

त्याला खरंच वाईट वाटत होतं. ते माझ्या लक्षात आलं आणि का, ते कळेना.

मी मशीनच्या खोलीत गेले. रुपरावला म्हटलं, "तू इथे बसतोस तेव्हा सुपरयूजर असतोस ना?"

"नेहमीच. त्याच्याशिवाय टेप चालत नाही."

"म्हणजे शनिवारपासून या खुर्चीवर साध्या नावानं बसलेलं देवकीशिवाय दुसरं कोणी नाही?"

"कोणी नाही, ताई. माझी खुर्ची मी कोणाला देतो का? पोरगी घामानं भिजली होती म्हणून दिली."

सात, पाच, तीनवरून कुलूप लागतं. शून्यावरून? मी रुपरावला उठवलं, त्याच्या खुर्चीत बसले, साध्या नावानं आत शिरले आणि पुसायची आज्ञा दिली.

परवानगी नाही.

४

तोंडावर आपटले होते. पण मी हट्टी आहे. उठायच्या आधी मी सवयीनं कर्नलची तारीख विचारली. शनिवार संध्याकाळ असं उत्तर यायला हवं होतं.

आलं ते असं: मंगळवार, सकाळी आठ दहा.

"रुपराव, तू आज किती वाजता आलास?"

"नेहमीसारखा, नऊले. साडेआठले घरून निघालो."

"तुझ्याआधी कोणी?"

"किल्ली माझ्यापाशी अन् विश्वनाथसाहेबांपाशी."

विश्वनाथला विचारलं तर तो लगेच म्हणाला, "हो, मीच. छपाईची किरकोळ दुरुस्ती होती. आठला आलो, बसवलं, नाश्त्याला गेलो." आठला आलेला माणूस नाश्ता करून साडेदहाला परत येतो. कुठे केला नाश्ता, थेट रामटेकला?

आता मला त्याच्या भागाची जुनी प्रत हवी होती. आमच्याकडे प्रोग्राम तयार करताना कंपायलर, म्हणजे आमचं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, त्याच्या ओळी छापायचा आणि जिथे शंका येईल तिथे वॉर्निंग द्यायचा. नियम माझाच होता, या नव्या कर्नलपासून केलेला: एकही वॉर्निंग शिल्लक असेल तर कर्नल बसवायचं नाही. शुक्रवारी विश्वनाथच्या कर्नलमध्ये एकसष्ट वॉर्निंग होत्या. मी म्हटलं होतं, शनिवारपर्यंत शून्य पाहिजेत. शनिवारी दुपारी त्यानं शून्याचा कागद आणून दिला. मी पाठ थोपटली. जागा वाचवायची म्हणून आम्ही फक्त तो शेवटचा, वॉर्निंगच्या आकड्याचा कागद जपून ठेवायचो; ओळींचे गठ्ठे रद्दीत जायचे.

"शुक्रवारचा गठ्ठा कुठे आहे?" मी विचारलं.

"रद्दीत गेला असेल," विश्वनाथ म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

केंद्रातली रद्दी रुपराव घरी न्यायचा. मधुसूदनरावांची परवानगी होती.

५

बुधवारी भर बाराला मी सक्करदऱ्याला गेले. डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा, आणि रिक्षावाल्याच्या शिव्या ऐकत. रुपरावची बायको पार्वतीबाई गच्चीवरच्या कुरडया राखत बसली होती. मला बघून खाली आली, पन्हं दिलं.

"कागद? हाय ना. सारी मांडणी त्याच्यावरच हाय."

भिंतभर मांडणी होती. डबे, परात, गंज, पितळी डेग, आणि प्रत्येक फळीवर आमचा हिरव्या पट्ट्यांचा कागद, कडेला कात्रीनं नक्षी कापलेला. मी म्हटलं, मला तो सगळा बघायचा आहे.

पार्वतीबाईनं कपाळाला हात लावला. "एवढी रद्दी कायले पायजे वं बाई साऱ्याइले? काल सकाळी एक साहेब पण हेच मागाले आले होते. हे ड्युटीवर गेले अन् ते आले. फटफटीवर."

"चष्मा आहे? राजदूत?"

"हो, तीच लाल गाडी. मी म्हटलं, कागद चुलीत गेला."

"खोटं काहून बोललात?"

"दोन दिवस घासून भांडी लावली होती! कोण उतरवते परत?"

मी पदर खोचला. "मी उतरवते. आणि जशी होती तशी मीच लावून देते."

तिसऱ्या फळीवर, पिठाच्या डब्याखाली, मला सुरक्षेचा भाग सापडला. ओळ दोनशे चौदा, आणि तिच्याखाली कंपायलरची वॉर्निंग: पॉइंटरचा प्रकार जुळत नाही.

पॉइंटर म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर पत्त्याबरोबर हेही लिहिलेलं असतं की त्या पत्त्यावर काय आहे: माणसाची माहिती, की फाइलची, की टर्मिनलची. कुलपाला 'हा सुपरयूजर आहे का' हे तपासायला माणसाच्या माहितीची चिठ्ठी द्यायची असते. दोनशे चौदाव्या ओळीत विश्वनाथनं चुकून टर्मिनलची चिठ्ठी दिली होती. कंपायलर तेच सांगत होता, बाबा, ही चिठ्ठी दुसऱ्या घरची आहे.

माणसाच्या माहितीत पहिल्या जागी माणसाचा नंबर असतो. टर्मिनलच्या माहितीत पहिल्या जागी टर्मिनलचा नंबर. म्हणजे कुलूप माणसाला विचारायचं सोडून खुर्चीला विचारत होतं, तुझा नंबर काय? सात म्हणाली की हाकललं. पाच म्हणाली की हाकललं. शून्य म्हणाली की मुजरा करून दार उघडलं.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दोन तास भांडी लावली. पितळी डेग जागेवर बसेना, पण पार्वतीबाईनं ऐकून घेतलं नाही.

६

चार वाजता मी मधुसूदनरावांच्या केबिनमध्ये विश्वनाथ, रुपराव आणि देवकी यांना बोलावलं. विश्वनाथनं माझ्या हातातला नक्षी कापलेला कागद पाहिला आणि तो खुर्चीत बसला. कोणी बस म्हटलं नव्हतं.

"एकसष्ट वॉर्निंग एका दुपारीत शून्य कशा झाल्या, विश्वनाथ?"

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग मी सांगते. मी मशीनवर बघून आले, प्रत्येक ठिकाणी तू कास्ट लिहिलास. कास्ट म्हणजे," मी मधुसूदनरावांकडे वळले, "कंपायलरला सांगायचं की मला सगळं माहीत आहे, तू तोंड बंद ठेव. चिठ्ठी चुकीच्याच घरी जाते, फक्त ओरडणारा गप्प होतो. साठ ठिकाणी कदाचित खपलं असेल. एका ठिकाणी कुलूप फुटलं. सोमवारी ही मुलगी शून्यावर बसली, माझा झाडू चालवला, आणि झाडूला अडवणारं कोणी उरलं नाही."

"हे सगळे तर्क झाले," मधुसूदनराव म्हणाले.

"तर्क नाही. मी तासाभरापूर्वी दोनशे चौदावी ओळ होती तशी केली, कास्ट लावला, कर्नल बनवून रुपरावकडून बसवून घेतलं. वॉर्निंग शून्य. चला, बसून बघा."

मशीनच्या खोलीत मी मधुसूदनरावांनाच शून्याच्या खुर्चीवर बसवलं, त्यांच्या साध्या नावानं. माझी कुलूप लावलेली एक फाइल त्यांना पुसायला सांगितली. त्यांनी एका बोटानं आज्ञा टाइप केली. फाइल गेली. नोंदवहीत ओळ उमटली: मधुसूदन. टर्मिनल शून्य. हक्क शून्य.

"घ्या," मी म्हटलं. "पासवर्ड तुम्ही कोणाकडून चोरलात?"

रुपराव खोकला. साहेबांनी कीबोर्डवरून बोट काढून घेतलं.

विश्वनाथ दाराशी उभा होता. "मंगळवारी आठला छपाई सुरू करायला आलो," तो म्हणाला. "आवार रिकामं दिसलं. नोंद वाचली, टर्मिनल शून्य बघितलं आणि लगेच समजलं. ओळ दुरुस्त केली. मला वाटलं होतं, यादी टाइप होईल, विषय संपेल. देवकीचं नाव मी कोणाला सांगितलं नाही, यमुताई. ते नोंदीतच होतं."

"पासवर्ड चोरला, असं मला कोण म्हणालं?"



चूक मी त्याला माफ केली असती. मीच तारीख दिली होती, मीच शून्य मागितलं होतं. पण एका पोरीची नोकरी जाताना बघत तो दीड दिवस गप्प बसला, आणि वर तिच्यावर ढकलून मोकळा झाला. त्याचा मला भयंकर राग आला आणि तो मी सगळ्यांसमोर बोलून दाखवला. ते शब्द इथे लिहीत नाही.

मधुसूदनरावांनी घसा साफ केला. "झालं ते झालं. जिल्ह्याच्या लोकांना कुलपाचं सांगितलं तर काम हातचं जाईल. देवकीला दुसरीकडे कुठेतरी चिकटवून देऊ. तिनं शांतपणे..."

"नाही," मी म्हटलं. "पत्र मी लिहिते. झाडू माझा, नियम माझा, कुलूप आमचं. खाली माझी सही. देवकीचं नाव त्यात एकाच ठिकाणी येईल, तिचा दोष नाही या वाक्यात. ते पत्र गेलं नाही तर राजीनामा माझा घ्या."

मग विश्वनाथ पुढे आला. "दुसरी सही माझी," तो म्हणाला.

७

गुरुवारी पत्र गेलं. अधिकारी संतापले, दोन तास बसले, प्रश्न विचारले, आणि शेवटी आपल्यासमोर यादी पुन्हा टाइप करून घेतली. काम राहिलं. विश्वनाथला सहा महिने कर्नलला हात लावायची बंदी झाली. मी झाडू दुरुस्त केला. आता तो आधी मालक कोण ते विचारतो.

शुक्रवारी सकाळी मी देवकीचं खातं पुन्हा सुरू केलं आणि तिच्या टेबलाशी गेले. माफी मागायची सवय मला नाही. कशीबशी मागितली.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. तिचे डोळे मात्र भरून आले. "एक मागू का?"

"माग."

"एक वॉर्निंग खरी होती. बाकीच्या साठ पण गप्पच बसवल्या ना? त्या मले द्या."

त्याच दिवशी तिनं सगळे कास्ट काढले. कंपायलर पुन्हा भडाभडा ओरडायला लागला, साठ वेळा. छापील गठ्ठा समोर ठेवून ती एकेक ओळ घ्यायची, चिठ्ठी कोणत्या घरी निघाली आहे आणि कोणत्या घरी जायला हवी ते वहीत लिहायची, आणि जिथे प्रकारच चुकला असेल तिथे प्रकार बदलायची. कास्ट एकाही ठिकाणी लावला नाही. दिवसाला आठ-दहा व्हायच्या. मधुसूदनराव दोनदा येऊन म्हणाले, किती वेळ लावतेस. ती म्हणाली, "जितका लागन तितका, साहेब." मी ते लांबून ऐकलं आणि मध्ये पडायची गरज नाही हे मला बरं वाटलं.

बुधवारी दुपारी ती गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आली.

"एकोणचाळिसावी, ताई. ही पण खरी आहे. फाइलच्या चिठ्ठीच्या जागी डिस्कची चिठ्ठी जाऊन राहिली. अजून कोणाचं बिघडलं नाही, पण एखाद्या दिवशी बिघडन."

"कोणी लिहिली ही ओळ?"

"चौऱ्याऐंशी सालची आहे." तिनं कागद माझ्यासमोर ठेवला आणि ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही."

ती माझ्याकडे सरळ बघत होती. आठ महिन्यांत ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. मी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली. तिचं बरोबर होतं.

"खुर्ची ओढ," मी म्हटलं. "आणि सांग, काय बदलायचं."